परातीच्या कडेचं पाणी

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी बांधीत, भाताच्या खाचरात, निंदण करत होते. शेताच्या धुऱ्यावरून यजमान येताना दिसले. पायात चप्पल नव्हती, तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट झालंय... कुसुम तिकडे समुद्राकाठच्या गावी झोपेतच गेली होती.

कुसुम माझी धाकटी नणंद. मी धानाच्या मुलखातल्या गोरेगावजवळच्या या घरी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जायची. माझी शाळा चौथीत सुटली, तिची संपतच नव्हती. मग तिला बंगालच्या समुद्राकाठी नोकरी लागली. तिथे काठाकाठाने एक मोठा प्रवाह वाहतो. तो हंगामाप्रमाणे दिशा बदलतो, कधी काठापासून दूर सरकतो. बंदरातली यंत्रं आणि वरचे उपग्रह पाण्याची उंची मोजतात, आणि तेवढ्यावरून तो प्रवाह कुठे, किती जोरात चालला आहे ते ही ओळखायची.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते पटायचं नाही. जन्मभर त्यांनी या बांधीतलं पाणी त्या बांधीत सोडलेलं.

"बाबा, प्रवाहाच्या एका अंगाला पाणी उंच राहते, दुसऱ्या अंगाला खाली," कुसुम सांगायची.

"मंग उंचातलं पाणी खाली काऊन नाही जात?"

"पृथ्वी फिरते म्हणून."

"पृथ्वी आमच्या वावरातबी फिरते."

सगळे हसायचे, तीही हसायची. पण आत येऊन मला म्हणायची, "वयनी, बाबाले माह्यं काम कधी समजल का नाही?"

गेल्या दिवाळीत ती आली होती. मी तांदूळ धुवायला पितळी परात घेतली, तर तिने ती ओढून घेतली. नुसतं पाणी भरलं आणि हाताने गरगर फिरवलं. पाणी कडेला चढलं, मधे खोलगट झालं. "समुद्रात अगदी असंच नसते," ती म्हणाली, "पण फेर वाढला का कमी झाला, हे कडेचं पाणी पाहून कळते का नाही?"

"कळते."

"हेच करून राहिली मी तिकडं."

"मामाजींना दाखव ना."

"मले ऐकतात का ते? तूच दाखव."

मी नुसती हसले. आमच्याकडे सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं तर दाराआडून, दुसऱ्या कोणाच्या तोंडून.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुपारी मामाजी ओसरीवर एकटेच बसले होते. आपल्याशीच म्हणाले, "माही पोरगी तिकडं काय करत होती, मले समजलंच नाही..."

यजमान वावरात गेले होते. माझं बोलणं पोचवणारं घरात कोणी नव्हतं. मी थोडा वेळ दाराआड उभी राहिले. मग परातीत पाणी घेतलं, पदर पुढे ओढला आणि ओसरीवर जाऊन त्यांच्यापुढे बसले. हाताने पाणी गरगर फिरवलं. तिने सांगितलं तसं सगळं सांगितलं. आवाज माझाच, पण मला ओळखू येत नव्हता.

मामाजी वाकून कडेकडे पाहत राहिले. चढलेलं पाणी हळूहळू खाली आलं.

"थांबलं?"

"थांबलं, मामाजी."

"फिरव ना आणखी."

आता संध्याकाळी मी तांदूळ धुवायला बसले की ओसरीवरून ते विचारतात, "चढलं का वं कडेले?"

"चढलं, मामाजी," मी आतून सांगते. मधे कोणी लागत नाही.