न सांगितलेला वास

समीरचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामला ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. "ताई, आई गेली... सकाळी उठलीच नाही," एवढंच तो बोलला. समीर माझा आतेभाऊ. म्हणजे माझी कुमुदआत्या गेली होती. त्याला दीड महिना झाला, आता कुठे लिहायचा धीर होतोय.

नोकरीसाठी पुण्याहून आले तेव्हा पहिले चार महिने मी फरीदाबादला तिच्याकडेच राहिले. केंद्र सरकारच्या नोकरीतून ती नुकतीच निवृत्त झाली होती. थालीपीठाची भाजणी ती नाकाने करायची. मी कढईत बाजरी परतत असायचे, ती पाठमोरी फोनवर बोलत असायची आणि मध्येच म्हणायची, "उतरव गं, झाली." चार वर्षांपूर्वी एका तापातून ती उठली, पण वास गेला. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि ही शेजारीच कोथिंबीर निवडत बसलेली. त्या दिवशी ती घाबरली. भाजणी बंद केली, करोल बागेतून तयार पीठ आणायला लागली. डॉक्टरांनी रोज लवंग, लिंबू हुंगायला सांगितलं होतं, तेही तिने पंधरा दिवसांत सोडलं. "लवंग दिसली की मनच वास काढून देतं. खरा कुठला नि आठवणीतला कुठला, कसं कळणार?" तिला कधीच न घेतलेला वास हवा होता. म्हणून जन्मभर चंदनाच्या साबणाने अंघोळ केलेल्या आत्याने लॅव्हेंडरचं बी मागवलं, आणि आम्हाला बजावलं, "तो वास कसा असतो, ते कोणी मला सांगायचं नाही."

ओल्या वाळूत घोळवलेलं ते बी डबीत घालून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवायचं, मग ऑक्टोबरात पेरायचं, वर माती जवळजवळ नाहीच. पहिल्या वर्षी रोपं आली आणि तिच्या मायेच्या पाण्याने कुजून गेली. दुसऱ्या वर्षीची थंडीत छान वाढली, पण पावसाळ्याच्या दमट हवेत काळी पडली. त्या दिवशी ती जेवली नाही. तिसऱ्या वर्षी तिने मातीत निम्मी वाळू घातली, पाण्याचा हात आखडता घेतला आणि पावसाळाभर कुंड्या छपराखाली ठेवल्या. पाच रोपं जगली. गेल्या फेब्रुवारीत त्यांना जांभळे तुरे आले. शेजारच्या चावला आंटी वाकून म्हणाल्या, "कुमुद जी, इसकी खुशबू तो बिल्कुल..." आत्याने चक्क त्यांच्या तोंडावर हात ठेवला! रोज सकाळी ती एक पान चुरगाळायची, डोळे मिटायची, मग मान हलवायची. आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं.

मार्चमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. मी कॅबमध्ये होते. "ऐक," ती हळूच म्हणाली, "कापरासारखं काहीतरी आलं. पण कापूर नाही... मागे गोडसर आहे, वाळल्या गवतासारखं. बरोबर आहे का गं?" "आत्या, बिल्कुल बरोबर," मी म्हटलं. पलीकडून ती रडतेय की हसतेय, कळत नव्हतं. मग एकदम म्हणाली, "रविवारी ये. भाजणी करू."

सगळे वास काही परत आले नाहीत, कांदा तर शेवटपर्यंत नाही. पण त्या रविवारी ती डोळे मिटून कढईवर वाकून उभी होती. मी परतत होते. बऱ्याच वेळाने म्हणाली, "उतरव." धान्याला नेमका बदामी रंग आला होता.

ती गेल्यावर समीर तिच्या हातच्या शेवटच्या भाजणीला हात लावत नव्हता. रोज डबा उघडायचा, वास घ्यायचा, झाकण लावायचा. परवा मी गेले तर म्हणाला, "ताई, वास कमी होत चाललाय गं."

"मग थालीपीठं लावू. आजच."

लावली. पहिलं तव्यावर करपायला लागलं आणि आत्याच्या भाजणीचा वास घरभर पसरला. दोघांनाही वास आला होता, पण उठलं कोणीच नाही.