घडीपलीकडचे दोन ठिपके

आमच्या नणंदबाई म्हणजे एक अजब प्रकरण! माणसाच्या पेशीतली जनुकांची अक्षरं एका ओळीत लिहिली तर गावाबाहेर जातील. ही बया ती सगळी एका चौकोनात बसवते. ओळ तोडायची नाही, स्वतःवरूनच परत न्यायची नाही. नुसती वळवत, मुडपत न्यायची, कोपरान् कोपरा भरेपर्यंत. जिथे बिघाड, तिथे लाल ठिपका. डॉक्टरांना एका नजरेत सगळं दिसतं. दिवसभर पडद्याला डोळे लावून बसते, डबा तसाच परत आणते. मी ओरडले की म्हणते, "वहिनी, एवढं एक वळण राहिलं होतं हो!"

ती ज्या संस्थेत हे काम करते, तिथेच आमचे हे. तिचे वरिष्ठ आणि सख्खे मोठे भाऊ. चित्रं ती काढायची, सभेत हे दाखवायचे. बोलण्यात पटाईत ना! तिची नोकरी दरवर्षीच्या मुदतवाढीवर चाललेली. यंदाच्या सभेनंतर कायम करू, असं संस्थेच्या प्रमुखबाईंनी कबूल केलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी ती घरी आली. माझ्या विणकामातली लोकर घेतली, टेबलावर नागमोडी घातली आणि यांना बजावलं, "दादा, ओळीतले शेजारी चौकोनातही शेजारीच राहतात. पण उलटं धरू नकोस हं. उद्याच्या चित्रात दोन लाल ठिपके चिकटलेत, ओळीत मात्र एकमेकांपासून फार लांब आहेत. मधे घडी आहे."

"कळलं गं बाई," म्हणत यांनी लोकर ओढली आणि तेच तिला परत समजावून दाखवलं. मी समोरच बसले होते.

पुढचं मला तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. सभेत एका डॉक्टरांनी विचारलं, ठिपके चिकटलेत, म्हणजे बिघाड एकच का? ऐन वेळी हे गोंधळले, पण "जरा विचारून सांगतो" म्हणायला यांची जीभ रेटेना. "हो, एकच," म्हणून मोकळे झाले. प्रमुखबाईंनी तिथल्या तिथे चूक धरली. त्यावरून रोग्याचं औषध ठरायचं होतं, गंमत नव्हे! तर यांनी सरळ मागच्या रांगेतल्या बहिणीकडे बोट केलं. "मला हिनंच तसं सांगितलं." तिची मुदतवाढसुद्धा झाली नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पाठच्या बहिणीचा गळा कापलात? आत्ताच्या आत्ता बाईंना खरं सांगा!"

"अगं, माझं नाव गेलं असतं. तिला काय, कुठेही काम मिळेल," म्हणत यांनी पेपर उघडला. लाज म्हणून नाही!

संध्याकाळी ती आली. डोळे सुजलेले. मला वाटलं, भांडेल. भांडायलाच हवं होतं. ती यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"दादा, एकच विचारते. त्या दिवशी मी लोकर घालून दाखवलं, ते तुला खरंच कळलं नव्हतं ना? कळलं नसेल, तर माझ्या मनात काही नाही. होतं असं."

नव्हतं कळलं म्हणा, मी मनातल्या मनात ओरडत होते. पोर सगळं गिळायला तयार आहे, तेवढं म्हणा हो!

यांनी पेपर खाली ठेवला. चांगलेच दुखावलेले दिसले.

"मला न कळायला काय झालं?" हे म्हणाले. "सगळं कळलं होतं."