धड्याळ दुरुस्ती

माझ्या मावशीला हसू आवरत नाही, आणि घरातल्या प्रत्येकाने त्याबद्दल एकदा तरी तक्रार केलेली आहे. ती कापडाच्या दुकानात कामाला होती तेव्हा एखादं गिऱ्हाईक भडक कापड अंगावर धरून आरशासमोर उभं राहिलं की हिला फुटायचं, आणि मालक कपाळाला हात लावायचा. पुढे ते दुकान बंद पडलं आणि चाळिशी उलटलेली मावशी बालवाडीत नोकरी मागायला गेली. मुलाखत चालू असताना टेबलाखाली लपलेलं एक कार्टं तिच्या बुटाचे बंद सोडत होतं. मोठ्या बाई प्रश्न विचारत होत्या, मावशी ओठ दाबून उत्तरं देत होती, आणि शेवटी बांध फुटलाच. टेबलाखालूनही खिदळणं ऐकू आलं. मोठ्या बाईंनी वाकून पाहिलं आणि उद्यापासून या म्हणाल्या.

वर्गातली पोरं चार-पाच वर्षांची. मुळाक्षरांचा तक्ता त्यांना तोंडपाठ. घ घराचा, ध धनुष्याचा, म मगरीचा, भ भोवऱ्याचा, असं एका दमात म्हणायची. मावशी खूश होती. एके दिवशी तिने सहज चित्रावर तळहात ठेवला आणि नुसतं अक्षर दाखवलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. प्रत्येक गोष्टीवर शंका काढणारा एक मुलगा होता, त्याला सगळे शंकासूरच म्हणत. तो उठून आला आणि हाताखाली घर आहे की धनुष्य, ते बघायला तिची बोटं एकेक करून उचकटू लागला. तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरं चित्रं वाचत होती. शेजारच्या अक्षराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तिने तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला. काका, म्हणजे तिचे यजमान, दुकानांच्या पाट्या रंगवतात. त्यांच्याकडचा खरखरीत पॉलिश पेपर आणून तिने तळहाताएवढी अक्षरं कापली आणि पोरांना डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायला लावलं. घ आणि ध काही केल्या वेगळे होईनात. मग तिने खेळाच्या पेटीतल्या टोप्या काढल्या. घ म्हणजे शहाणं बाळ, डोक्यावर टोपी पूर्ण बसलेली. ध म्हणजे उनाड, टोपी मागे सरकलेली आणि पुढे केसांची बट बाहेर आलेली. म आणि भ यांचंही तेच. पोरं एकमेकांच्या टोप्या ओढून घ चे ध करू लागली. कुरळ्या केसांची एक मुलगी होती, तिचे केस कुठल्याच टोपीत मावेनात. आपल्याला कधीच घ होता येणार नाही म्हणून तिने भोकाड पसरलं. मावशीने तिला धची राणी केलं, तेव्हा बाकीच्या सगळ्यांना ध व्हायचं होतं.

मग मोठ्या बाईंची परवानगी काढून ती पोरांना रस्त्यावर अक्षरं शोधायला घेऊन गेली. एक लांब दोरी, दोरीला धरून पोरं, पुढे मावशी आणि मागे मदतनीस बाई. केस कापायच्या दुकानापाशी क सापडला, औषधांच्या दुकानापाशी ध सापडला, आणि पोरं अशी काही नाचली की दोरीचा गुंता झाला. तो सोडवून वरात घड्याळ दुरुस्तीच्या दुकानासमोर आली आणि कुरळी एकदम थांबली. मागची पोरं एकमेकांवर आदळली.

"बाई," ती म्हणाली, "ह्या घड्याळाला बट आहे."

मावशीने मान वर केली. कोरी करकरीत पाटी, एका बाजूला भलंमोठं रंगवलेलं घड्याळ आणि निळ्या, सावलीदार अक्षरांत लिहिलेलं: धड्याळ दुरुस्ती. अक्षराचं वळण तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. ते काकांचं होतं.

ती दुकानाच्या पायरीवर मटकन बसली आणि हसत सुटली. बाई हसताहेत म्हणून पोरंही हसू लागली. आवाज ऐकून घड्याळवाले डोळ्याला भिंग लावूनच बाहेर आले. माणूस गंभीर, शब्द मोजून खर्च करणारा. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, पण मावशीला बोलवेना, ती नुसती वर बोट दाखवत राहिली. शेवटी शंकासुराने त्यांना सांगितलं, "तुमच्या घ ची टोपी सरकलीय. नीट घाला."

घड्याळवाल्यांनी भिंग काढून पाटी वाचली. मग पुन्हा वाचली. पाटी लागल्यापासून ते रोज तिच्याखालून ये-जा करत होते, गिऱ्हाइकंही येत होती, आणि कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग तेही मावशीशेजारी पायरीवर टेकले.

काकांना फोन गेला. ते शिडी आणि रंग घेऊन आले. आपल्या हाताचा त्यांना मोठा अभिमान. पाटीकडे पाहून आधी म्हणाले, ऊन डोळ्यावर येतंय. मग म्हणाले, इथून बरोबर दिसतंय. मग गुपचूप शिडी चढले. खालून पोरांच्या सूचना चालू झाल्या: बट कापा, टोपी पुढे ओढा, अजून, अजून थोडी. काकांनी बट पांढऱ्या रंगाने पुसली, वरची रेघ पूर्ण केली, आणि खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी शिडीवरूनच वाकून मुजरा केला आणि ब्रश स्वतःच्या शर्टाला पुसला.

त्या रात्री काका जेवायला बसले. मावशीने विचारलं, "अहो, भाजी वाढू का?" ते म्हणाले, वाढ, पण भ नीट बघून वाढ. मावशीला ठसका लागला.

आता मोठ्या बाईंकडे पालकांच्या तक्रारी येतात. पोरं रस्त्याने चालतच नाहीत म्हणे. प्रत्येक पाटीपाशी थांबतात, टोप्या तपासतात आणि सगळं बरोबर असेल तर हिरमुसतात. शंकासुराच्या वडिलांना त्यापायी रोज कामावर जायला उशीर होतो. पण परवा त्यांनीच मावशीला गाठलं आणि जरा लाजत विचारलं, की ते थ आणि य चं नक्की काय आहे, घरी पोरगं परीक्षा घेतंय.