पत्र्याखालची लोकर

जाफराबादच्या इंद्रभानला कुणी विचारलं, तुमचे वडील काय करायचे, तर तो बेधडक "शेती" म्हणायचा. बापाची उभी हयात मेंढरांमागे गेली होती. धाकटा भाऊ कचरू आजही गावाबाहेर मेंढरं राखत होता. पण इंद्रभान कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर बसायला लागला, इस्त्रीचा शर्ट घालायला लागला आणि त्याला मेंढरांचा वास सोसेनासा झाला. कचरू घरी येऊन गेला की हा लगेच उदबत्ती लावायचा. त्याची बायको गोपिकाबाई तीस वर्षं हा तमाशा बघत होती. सुरुवातीला तिला राग यायचा, आता नुसती कीव यायची.

शर्ट इस्त्रीचा असला तरी घर तसं नव्हतं. जुन्या विटांच्या भिंती, वर पत्रे आणि दोन्हींच्या मधे हात जाईल एवढ्या फटी. एप्रिल लागला की दुपारी घरात टेकवत नसे. आणि यंदा ऐन मे महिन्यात लेक प्रांजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिची सासू चतुराबाई जालन्याची. तिनं फोनवर रोखठोक सांगितलं, "इहीणबाई, रीत हाय म्हणून पाठवून राह्यले. पण मी सोबत येते. घर तापत असलं तर पोरीला त्याच गाडीनं माघारी नेईन." गोपिकाबाईला हे झोंबलं. पण बाई खोटं बोलत नव्हती.

इंद्रभाननं उपाय काढला तो त्याच्या अकलेला शोभेल असाच. दीड टनाचा एसी आणला. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि रिमोट शर्टाच्या खिशात खोचून गल्लीत दोन चकरा मारल्या. एसी बिचारा दिवसभर धापा टाकायचा. समोर उभं राहिलं की तोंडाला गार लागायचं आणि टाळू भाजायची. बसवणारा मिथुन पुन्हा बघायला आला. त्यानं फटींकडे बोट दाखवलं.

"काका, तुम्ही तर आख्खं जाफराबाद गार करून राह्यले. आन वरून पत्रा तापतो ते येगळंच. आधी घर बराबर बंद करा, पत्र्याखाली काहीतरी टाका."

"त्याला काय कळतं," तो गेल्यावर इंद्रभान म्हणाला. गोपिकाबाईला मात्र कळलं.

ती थेट कचरूकडे गेली. कातरलेली लोकर तिथं ढीग घालून पडली होती. घ्यायला कुणी येत नव्हतं, म्हणून तो ती ओढ्यात टाकायच्या बेतात होता.

"टाकू नका, भावजी," ती म्हणाली. "घोंगडी थंडी आत येऊ देत न्हाई, मंग ऊन तरी कसं येऊ देईल?"

दोघांनी लोकर धुतली, वाळवली, किडीसाठी त्यात कडुनिंबाचा सुका पाला घातला. गोपिकाबाईनं ती पोत्यांत पसरून दाभणानं शिवली आणि गाद्यांसारखी पत्र्याखाली ओळीनं बांधली. फटी विटामातीनं बुजवल्या. पत्र्याला वरून चुना मारला. इंद्रभान घरभर नाक धरून फिरत होता.

"इहीणबाईला वास आला तर माझी इज्जत काय राहील?"

"तुमच्या इज्जतीच्या सावलीत बाळंतीण निजवता येती का?"

त्यावर त्यानं एकच काम केलं. लोकर दिसू नये म्हणून खालून पांढरं प्लास्टिकचं छत ठोकून घेतलं.

चतुराबाई प्रांजलीला घेऊन आली ती भर दुपारी. आत आली, खोलीच्या मध्यावर उभी राहिली, भिंतीला हात लावून बघितला.

"गार हाय की हो!"

इंद्रभाननं खिशातून रिमोट काढला. "दीड टनाचा हाय. खर्चाकडं बघितलंच न्हाई."

चतुराबाईनं वर बघितलं. पंखा बंद होता. "पण गल्लीत तर म्हणत होते, सकाळपासून लाईट न्हाई."

प्रांजलीनं पदर तोंडाला लावला. इंद्रभाननं बायकोकडे बघितलं. अशा वेळी ती नेहमी सावरून घ्यायची. आज तिनं नजर वर छताकडे वळवली.

"वर लोकर हाय," तो अखेर पुटपुटला. "मेंढराची. आमच्या कचरूनं दिली."

"मंग सांगायला लाजता कशाला? प्रांजली, बॅग आत ठेव, तू इथंच राहा." चतुराबाई म्हणाली. मग तिनं इकडंतिकडं बघितलं. "आन ते कचरूभाऊ कुठं हायेत?"

"त्यान्ला आज येऊ नका म्हणून सांगितलंय ह्यांनी," गोपिकाबाई म्हणाली.

"बोलवा की जल्दी. जेवायला सगळे सोबत बसू."

मेंढरं गावाबाहेर, दोन किलोमीटरवर. इस्त्रीचा शर्ट घातलेला इंद्रभान उन्हात उतरला आणि मुकाट्यानं चालायला लागला. छत्री दाराशीच खुंटीला होती. गोपिकाबाईनं ती त्याला दिली नाही.