द्रौपदाबाईचे सव्वीस किलो

झुलाल मापाडी बायकोला मारताना मोजायचा. धान्य मोजणारा माणूस पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. एकापासून सुरुवात केली तर बरकत जाते, असं सगळे मानतात. झुलालही पहिला फटका द्रौपदाबाईच्या पाठीवर ओढला की खणखणीत आवाजात म्हणायचा, "लाभ!" मग जरा थांबायचा. हमाल पोतं उतरवून बाजूला होईपर्यंत मापाड्याला थांबावंच लागतं, ती त्याच्या हाडात मुरलेली सवय. मग दोन, तीन, चार. कधी अकरावर सुटका व्हायची, कधी एकवीसवर. मारायला कापसाच्या जिनिंगमधल्या मशीनच्या पट्ट्याचा हातभर तुकडा होता, तो दाराच्या मागे खिळ्याला टांगलेला असायचा. शेजारीपाजारी ऐकायचे आणि आपापली दारं लावून घ्यायचे. जळगावच्या बाजारात झुलालभाऊ इमानदार म्हणून नावाजलेला होता. त्याच्या मापात कधी छटाकाची खोट निघाली नाही, हेही खरंच.

लग्न झालं तेव्हा द्रौपदा सतरा वर्षांची, काडीसारखी. पहिल्या अठरा वर्षांत तिचे दोन दात गेले, डावा कान गेला आणि पोटातलं पाच महिन्यांचं मूल गेलं. ते गेलं तेव्हा आईने तिला माहेरी सोनगीरला नेलं. चार महिने डिंकाचे लाडू, मेथी आणि तिळाचं तेल घालून पोरीला उभी केली आणि मग जगाच्या रीतीप्रमाणे परत सासरी धाडली. द्रौपदा अंगाने भरून परत आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं आणि झुलालने पट्टा काढला. अरुंद स्वयंपाकघर. पहिल्याच फटक्याला ती तोल जाऊन त्याच्या अंगावर कोसळली, आणि झुलाल पाठीवर पडला तो थेट पाट्यावर. आठ दिवस त्याला कुशीवर वळता येत नव्हतं. तिनेच त्याला उचलून बसवायचं, तिनेच भरवायचं. तेव्हापासून पट्टा खिळ्यावरच राहिला.

यातून दुसरी एखादी बाई काय शिकली असती, देव जाणे. द्रौपदाबाई एवढंच शिकली की आपण जड आहोत तोवर जिवंत आहोत. त्या दिवसापासून ती खायला लागली. भूक म्हणून नव्हे. पोट भरल्यावर आणखी एक कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी ती औषध घेतल्यासारखी खायची, वरून ठेचा, वरून कच्चं तेल. मूठमूठ शेंगदाणे खायची. केळी तर जळगावात दारात चालून येतात. जळगावाला लागून पिंप्राळ्यात घर झालं, मुलगी प्रमिला लग्न होऊन धुळ्याला गेली, झुलाल म्हातारा होऊन बाजारातून निवृत्त झाला आणि द्रौपदाबाई दारातून आडवी शिरायला लागली. पोरं तिला मागून हसायची. हसू दे की! पंचवीस वर्षांत तिच्या अंगावर बोट पडलं नव्हतं.

एक्क्याण्णव सालच्या चैत्रात तिच्या बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आली. महिन्याभरात ती नारळाएवढी झाली. शेजारची यशोदाबाई एका खाजगी दवाखान्यात आया होती, तिने ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे.

"आजी, हा हर्निया आहे. आतडं बाहेर येतंय. ऑपरेशन करावंच लागेल."

"करी टाका मंग."

"आत्ता नाही करता येणार. तुमचं वय एकसष्ट आणि वजन एकशे चार. भूल दिली तर श्वास परत येईल याची खात्री नाही. अठ्ठ्याहत्तर किलोवर या, मी लगेच टेबलावर घेतो."

"आनि नहीच केलं तं?"

"आतडं कधी अडकेल सांगता येत नाही. अडकलं की हातात काही तासच असतात."

सव्वीस किलो. घरी येऊन तिने दाराच्या मागच्या खिळ्याकडे पाहिलं. पट्टा तिथेच होता. तो कुणी काढून टाकला नव्हता, तिने स्वतःही नाही, याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदा नवल वाटलं.

डॉक्टरांनी दर आठवड्याला वजन करायला सांगितलं होतं. झुलाल आपणहून पुढे आला. कोपऱ्यावर तोतारामचं धान्याचं दुकान होतं, तिथे पोती मोजायचा फळीचा मोठा काटा. दर रविवारी सकाळी, दुकान उघडायच्या आत, तो बायकोला त्या फळीवर उभी करायचा, दांडीवरचं वजन बोटाने सरकवायचा आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा पुकारा करायचा. "एकशे चार!" पुढच्या रविवारी, "एकशे दोन!"

"आक्का, नशीबवान शे तू," यशोदाबाई म्हणायची. "या वयमा इतली काळजी करनारा नवरा कोनले मियस?"

द्रौपदाबाईलाही तसंच वाटायला लागलं होतं. दुपारी अर्धी भाकरी आणि फोडणी न दिलेली डाळ, रात्री ताक. पोटाला पट्टी आवळून ती रोज पहाटे रेल्वे फाटकापर्यंत चालायची. पहिल्या दिवशी घरापासून कडुलिंबापर्यंतच गेली आणि तिथे बसून रडली. श्रावणात ती फाटकापर्यंत जाऊन, न बसता परत यायला लागली. भरताचं वांगं भाजल्याचा वास आला की तिचं डोकं फिरायचं, पण ती जगायचं म्हणून पेटली होती.

अठ्ठ्याण्णववर झुलालने जेवणाचं ताट भिरकावलं. ते भिंतीवर आपटलं आणि डाळ तिच्या लुगड्यावर सांडली. म्हाताऱ्याचं डोकं तापलं असेल, असं म्हणून तिने डाळ पुसली. त्र्याण्णववर त्याने तिची वेणी धरून तिला मोरीपर्यंत ओढलं, हंड्यात पाणी का नाही म्हणून. एकोणनव्वदवर तिच्या थोबाडीत बसली. चांगल्या कानावर. कान दिवसभर वाजत राहिला.

त्या रविवारी काट्यावर उभी असताना तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो दांडीकडे पाहत होता. डोळे बारीक, ओठ हलत होते. गिऱ्हाईक माल पाहतं तसं तो पाहत होता.

"माले पाडं तवय त्र्याऐंशीनी व्हती तू," तो हळूच म्हणाला. मग मोठ्याने, आळीसाठी, "सत्त्याऐंशी!"

तेव्हा तिला कळलं. पंचवीस वर्षं हा माणूस सुधारला नव्हता, नुसता थांबला होता. आणि डॉक्टरांनी सांगितलेला प्रत्येक किलो ती स्वतःच्या हाताने त्याला मोजून देत होती.

तिने फाटकापर्यंत जाणं सोडलं. कोठीत बसून शेंगदाणे खाल्ले, गूळ खाल्ला, चोरासारख्या चार-चार भाकऱ्या खाल्ल्या. दोन आठवड्यांत काटा नव्वदवर गेला आणि झुलालचा हात आवरला. पण तिसऱ्या आठवड्यात गाठ दगडासारखी कडक झाली. उलट्या सुरू झाल्या. यशोदाबाईने रिक्षात घालून नेलं. डॉक्टरांनी अर्धा तास दाबून दाबून आतडं आत सारलं तेव्हा ती गुरासारखी ओरडली.

"या वेळी गेलं आत," ते घाम पुसत म्हणाले. "पुढच्या वेळी जाणार नाही."

भाकरी खाऊन मरायचं की मार खाऊन जगायचं, एवढंच आता उरलं होतं. द्रौपदाबाई दोन दिवस अंथरुणावर पडून विचार करत राहिली. तिला मरायचं नव्हतं. का मरायचं नव्हतं, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. काही सुख होतं अशातला भाग नव्हता. पण तिच्या जिवाचा तिला लोभ होता, आणि तो लोभ झुलालच्या पट्ट्यापेक्षा मोठा निघाला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती परत फाटकाकडे निघाली.

ब्याऐंशीवर पट्टा खिळ्यावरून उतरला. "लाभ!" पंचवीस वर्षांनी तोच आवाज, जरासा घोगरा झालेला. आता झुलालही सदुसष्ट वर्षांचा होता. पूर्वी पहिल्या फटक्यानंतर तो नुसता थांबायचा. आता धाप लागायची म्हणून पट्ट्याचा हात ओट्यावर टेकवून थांबायचा. पाच-सहाच्या पुढे मोजणी जात नव्हती. पण म्हाताऱ्या कातडीला पाच पुष्कळ होतात. पाठीवर जांभळे पट्टे उठायचे, लुगड्याचा पदर त्याला चिकटायचा आणि सोडवताना खपली निघायची. फाटकाच्या वाटेवर ती पदर घट्ट लपेटून चालायची. यशोदाबाई दिवसभर दवाखान्यात असायची, तिला काहीच सांगितलं नाही. सांगितलं तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील, ही भीती. पोटावर मात्र तिने एकही फटका पडू दिला नाही. तो आला की ती भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसायची, गाठ दोन्ही मांड्यांत धरून.

कार्तिकातल्या एका रविवारी झुलालने पुकारा केला, "अठ्ठ्याहत्तर!" दुकानासमोर उभ्या दोन-चार बायांनी टाळ्या वाजवल्या. मंगळवारी दवाखान्यात भरती व्हायचं ठरलं.

सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी खाली बसून खलबत्त्यात लसूण-मिरची कुटत होती. ती भरती होईल तेव्हा त्याला खायला काहीतरी हवं ना! झुलाल पट्टा घेऊन आत आला.

"टाका पडनात की दोन महिना तुले हात लावता येनार नही," तो शांतपणे म्हणाला. "आजच मोजी लेसू."

तिने भिंतीकडे तोंड केलं. गाठ मांड्यांत धरली.

"लाभ!"

पट्टा मानेवर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग तो थांबला, धापा टाकत, पट्टा धरलेली मूठ ओट्याच्या कडेवर टेकवून.

एकशे चार किलोची द्रौपदाबाई जमिनीवरून उठायची तर आधी भिंत धरायची, मग गुडघा, मग देवाचं नाव, असा पाच मिनिटांचा खटाटोप असायचा. या द्रौपदाबाईचे पाय सहा महिने फाटकाच्या वाटेवर चालले होते. ती एका दमात उभी राहिली. कशी उठले हे तिचं तिलाही कळलं नाही. हातात लोखंडी बत्ता होता, मिरचीने माखलेला. तो तिने दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि ओट्यावर टेकलेल्या त्या मुठीवर घातला.

"दोन," ती म्हणाली.

हाडं फुटल्याचा आवाज तिला त्या एकाच कानाने स्वच्छ ऐकू आला. झुलालने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पट्टा खाली पडला. त्याने हात ओढून घ्यायला हवा होता, पण बोटं त्याचं ऐकत नव्हती. ओट्यावरची ती मूठ तिने नीट पाहिली. राग आला होता का तिला? आलाच होता, चव्वेचाळीस वर्षांचा. पण तिने पुन्हा नेम धरला तो घाईने नाही.

"तीन."

झुलाल भिंतीला पाठ घासत खाली बसला आणि लहान पोरासारखा हंबरला. शेजारच्या दारांच्या कड्या लागल्याचे आवाज आले. द्रौपदाबाईने बत्ता धुतला, जागेवर ठेवला, पट्टा चुलीत घातला. चामडं जळायला बराच वेळ लागला, घरभर घाण वास सुटला. तोवर ती चुलीपुढे बसून होती.

मंगळवारी दवाखान्यात कागद पुढे आला. ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत होती. झुलाल बाकावर बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, तोंड काळवंडलेलं. तो हात त्याच डॉक्टरांनी आदल्या दिवशी बांधला होता.

"काय झालं म्हणालात हाताला, बाबा?" डॉक्टरांनी पेन पुढे करत पुन्हा विचारलं.

झुलालने बायकोकडे पाहिलं नाही.

"मोरीत पाय घसरला."

स्ट्रेचरवर पडलेल्या द्रौपदाबाईने ते ऐकलं. अठरा वर्षं, जळगावातल्या जेवढ्या म्हणून दवाखान्यांत ती गेली, तिथे प्रत्येक डॉक्टरला तिने हेच वाक्य सांगितलं होतं, शब्दही न बदलता. तिला हसू आलं, आणि हसताना मानेवरचा वळ दुखला.

"सही जमणार नाही मग. अंगठा द्या, डावा."

यशोदाबाईने शाईची डबी आणली. झुलालने अंगठा टेकवला. नर्स स्ट्रेचर ढकलायला लागली तेव्हा द्रौपदाबाईने हात वर करून तिला थांबवलं आणि नवऱ्याला जवळ बोलावलं. आयुष्यभर ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"मना टाका भरावाले दोन महिना लागतीन," ती म्हणाली. "तुना हातले मूठ आवळाले तीन. डाक्टरले इचारी लिधं मी."

डाव्या अंगठ्याची शाई तो धोतराला पुसत राहिला, आणि नर्सने स्ट्रेचर आत नेलं.