मधल्या माणसाची जागा

सगळ्यांसमोर मला पाया पडायला लावलं. अंगावर युनिफॉर्म, काखेत हेल्मेट, दंडावर टरारलेले फोड. समोर आप्पा. मोठे बागायतदार, शिवाय नगरसेवक. मागं त्यांचा जळलेला गोठा, आत दोन कालवडी मेलेल्या.

"वाक," आप्पा म्हणाले. "मेंढरामागं हिंडणाऱ्यांच्या हातात पाइप दिला, दुसरं काय व्हनार?"

आजोबांनंतर आमच्या घरात कुणी मेंढरं राखली नाहीत. पण बोलणार कोण? आमच्या अग्निशमन केंद्राचे साहेब माझ्या कानाशी आले. "वाक रं. विषय मिटव." मी कंत्राटी. वाकलो. हेल्मेट चिखलात पडलं. ते उचलायचीही लाज वाटली.

झालं होतं ते असं. शिरूर-दौंडच्या पट्ट्यातलं आमचं अग्निशमन केंद्र, नाव लिहीत नाही. आधी एका गाडीवर आम्ही पाच जण असायचो. तिघांना कमी केलं. उरलो ड्रायव्हर मामा आणि मी. मामांना पंप सोडून हलता येत नाही. पाइप ओढत आगीपाशी मी जायचं. पंपाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून पुढच्यानं हात वर करायचा, मधल्या माणसानं तो बघून मागं हात दाखवायचा, मग पाणी सुटतं.

त्या दुपारी गोठ्याच्या दारात मी सवयीनं हात वर केला. मधे धूर. मामांना काही दिसेना आणि मधे माणूसच नव्हता. मी हात वर करून उभा, पाइप कोरडा, आत कालवडी हंबरतायत. शेवटी पाइप टाकून मामांकडं पळालो. पाणी सोडायला सांगून परत येईपर्यंत छप्पर खाली बसलं होतं. ते हंबरणं अजून कानातून जात नाही. आप्पांची जनावरं म्हणून मला कमी वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे विलंब झाला.' खाली माझं नाव.

"सही कर. न्हाईतर उद्यापासनं येऊ नको."

घरात कमावता मी एकटा. मामा दारात मान खाली घालून उभे. मी पेन उचललं आणि एकदम आठवलं, माणसं कमी करायच्या ठरावाला नगरपालिकेच्या सभेत आप्पांनीही हात वर केला होता. त्यांचा हात लगेच दिसला होता सगळ्यांना.

मी ती ओळ खोडली. वर लिहिलं, 'गाडीवर दोघेच होतो. मधला माणूस तुम्ही काढला.' मग सही केली.

"सोताला कोन समजतो रं तू?" साहेब ओरडले.

"फायरमन. आन् परत वाकनार न्हाई."

तेव्हापासून रोज हजेरीला जातो. रोज मला बाहेरच्या बाकावर बसवतात. आगीची वर्दी येते, मामा माझ्या जागी आलेल्या पोराला घेऊन गाडी काढतात आणि मी बघत बसतो. अंगाची आग होते.

त्या कागदाची झेरॉक्स माझ्या खिशात आहे. आता गाडीमागं मोटारसायकल घालणार. जिथं आग लागेल तिथं आधी मधल्या जागेवर उभा राहणार, आग विझली की तो कागद मोठ्यानं वाचणार. वाचायची सुरुवात आप्पांच्या दारापासून, आजच.