फोटोतली सातवी जागा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. हे वाचून तुमचा बसावा, असंही काही नाही. घडलं तेवढं सांगते.

पनवेलच्या जुन्या बाजारात माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. जुने फोटो दुरुस्तही करते. फोटो किती जुना, हे मी कपड्यांवरून नाही, कागदावरून ठरवते. साधारण साठच्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणासाठी एक रसायन येऊ लागलं. तो कागद अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळा चमकतो. त्याआधीचा काळपटच राहतो.

गेल्या उन्हाळ्यात विचुंब्याकडच्या एका कबड्डी मंडळाचा सेक्रेटरी संदीप एक ग्रुप फोटो घेऊन आला. मंडळाच्या नव्या हॉलमध्ये पहिल्या संघाची नावं दगडात कोरायची होती. संघ सातचा, फोटोत मात्र सहाच... उजव्या टोकाला एका माणसाची जागा रिकामी. सोबत हिराबाई, ऐंशी पार केलेल्या. सातवा त्यांचा भाऊ, फोटो काढला त्याच वर्षी खाडीत बुडालेला.

"फोटू काढला तवा मी समोरच व्हते गो बाय. माजा दादूस त्या टोकाला उबा व्हता."

"मग गेला कुठं आजी? चहाला?" संदीप हसला.

"तुजा आजा पन असाच दात काढायचा. आनि खेळात पयला बाद!"

मंडळाचं म्हणणं – फोटोत असेल तरच नाव. बाईंचा संशय – कुणीतरी नंतर कॉपी काढताना त्याला उडवला. म्हणून माझ्याकडे आले होते.

मी फ्रेम उघडली. जाड कागद, कडांना रुपेरी झाक, खाडाखोड कुठेच नाही. भर दुपारी शटर ओढून टॉर्च लावला. कागद काळपट. म्हणजे मूळ प्रिंट, कॉपी नव्हे. बाई हरल्या होत्या. तसं सांगणार, तोच टॉर्च उजवीकडे सरकला.

रिकाम्या जागेत कागद चमकत होता. खांदे, हाताची घडी, गुडघ्यापर्यंतची चड्डी. टॉर्च बंद केला – नुसती मागची भिंत. चालू केला – माणूस.

संदीपचं हसू गेलं. हिराबाईंनी चष्मा सारखा केला.

"हाय ना," एवढंच म्हणाल्या.

कपड्यांच्या साबणातही तेच रसायन असतं. कुणी ओल्या फडक्याने पुसलं असेल, असं मीच म्हटलं. मग भिंगाखाली पाहिलं. पुसल्याची खूण नाही. आणि फडकं हाताची घडी कशी काढेल? मुंबईतल्या एका जाणकारांनी दुसरा टॉर्च लावून पाहिला आणि फोटो परत केला. "मला विचारू नका," म्हणाले.

शेवटी मंडळाला लेखी हवं होतं.

"ताई, काय लिहिणार?" संदीपने विचारलं.

मी लिहिलं – कागद साठच्या आधीचा, प्रिंट मूळ, फोटोत सात खेळाडू. खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला.

दगडावर सात नावं आहेत. सात कसे मोजले, हे मंडळात अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं, तर मी शटर ओढून टॉर्च त्यांच्या हातात देईन.